कावडीवरची लढाई

कावडीवर वीस किलो तांदूळ घेऊन निघालेला माणूस दिवसाला एक किलो खातो असे धरले, तर विसाव्या मुक्कामाला कावड रिकामी होते आणि परतीच्या शिध्याची सोय राहत नाही. फ्रेंच सेनापती आंरी नाव्हार याच्या योजनेचा पाया अशाच जातीच्या हिशेबावर होता. २० नोव्हेंबर १९५३ रोजी त्याने व्हिएतनाममधल्या, लाओसच्या सरहद्दीजवळच्या दिएन बिएन फू खोऱ्यात छत्रीसैनिक उतरवले. थान होआसारखा भाताचा मुलूख तिथून डोंगरवाटांनी सुमारे ५०० किलोमीटर दूर. फ्रेंचांची रसद हनोईहून विमानांनी येणार होती; फ्रेंच सत्तेविरुद्ध लढणाऱ्या व्हिएत मिन्हला मात्र इतक्या लांब मोठी फौज फार दिवस पोसता येणार नाही, असा नाव्हारचा होरा होता. तो अडाणी नव्हता. तरीही चुकला, कारण त्याच्या हिशेबात गावांचा विचार नव्हता. व्हिएतनामी अधिकृत आकड्यांनुसार या मोहिमेसाठी २ लाख ६० हजार नागरी श्रमिक, सुमारे २१ हजार सायकली आणि २५ हजार टनांहून अधिक तांदूळ उभा करण्यात आला. एवढी माणसे घरदार सोडून कशी निघाली, याचे उत्तर केवळ देशप्रेमात सापडत नाही आणि केवळ धाकातही नाही. ते खंडाच्या आणि कुळाच्या प्रश्नात आहे, असे मला वाटते.

आधी सायकलीबद्दल, कारण हिशेब तिथेच फिरला. तिच्यावर बसायचे नव्हतेच. हँडलला बांबूचा लांब दांडा जोडायचा, बैठकीच्या नळीत दुसरा रोवायचा, चौकटीच्या दोन्ही बाजूंना पोती लटकवायची आणि शेजारून चालत ती ढकलत न्यायची. अशा सायकलीवर २०० किलो आणि कधी ३०० किलोच्या वर माल जाई. ओझे दहापट झाले, खाणारे तोंड मात्र एकच राहिले! चढाला दोघेतिघे लागत, उतारावर मागून दोर धरून ती आवरावी लागे. मुख्य रस्त्यावर ट्रक धावत, पण को नोईच्या फाट्यावर आणि फा दिनच्या खिंडीत फ्रेंच विमाने वारंवार बाँब टाकत. ते खड्डे रात्रीतून बुजवणारी तरुण मुले-मुली याच नागरी जमवाजमवीचा भाग होती. वाहणाऱ्यांमध्येही बायकांचा वाटा मोठा होता.

आता जमीन. व्हिएत मिन्ह सरकारने १९४९ साली खंड २५ टक्क्यांनी उतरवण्याचा हुकूम काढला. पुष्कळ गावांत तो कागदावरच राहिला. १९५१ पासून शेतसारा धान्यात घेतला जाऊ लागला आणि युद्धाचे ओझे थेट कुळाच्या कणगीवर आले. १९५३ मध्ये मात्र गावोगाव खंडकपातीची मोहीम राबवली गेली, आणि ४ डिसेंबर १९५३ ला राष्ट्रीय सभेने जमीन सुधारणेचा कायदा मंजूर केला. त्यानंतर दोनच दिवसांनी, ६ डिसेंबरला, कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिटब्यूरोने दिएन बिएन फूच्या मोहिमेला मान्यता दिली. ही जवळीक मला योगायोगाची वाटत नाही. १९४५ च्या दुष्काळात उत्तर व्हिएतनाममध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली होती. त्या शेतकऱ्याकडे भात आणि अंगमेहनत दोन्ही मागायची, तर स्वातंत्र्याला शेताच्या बांधाएवढा ठोस आकार द्यावा लागणार, हे नेतृत्वाने ओळखले होते. यावर कोणी म्हणेल की दिएन बिएन फूला वेढा पडला तेव्हा प्रत्यक्ष वाटप थाय न्गुएनमधल्या मोजक्या गावांत जेमतेम सुरू झाले होते. हे खरे आहे. बहुतेकांच्या पदरात तोवर खंडाची सूट आणि एक शब्द, एवढेच पडले होते. पण सावकाराचा आणि जमीनदाराचा गावावरचा वचक त्या सुटीनेच मोडला होता.

याहून गंभीर आक्षेप असा की ही शेवटी वेठच होती. १९५० च्या सुरुवातीला सर्वसाधारण जमवाजमवीचा हुकूम निघाला होता, श्रम कायद्याने बंधनकारक होते आणि गावाला माणसे नेमून दिली जात. ‘स्वयंस्फूर्त जनसागर’ हे चित्र म्हणूनच मला अपुरे वाटते. पण खुद्द दिएन बिएन फूमध्ये फ्रेंचांकडेही वेठ होती: हजारो युद्धकैदी तिथे खंदक खणत आणि विमानांतून पडलेला माल गोळा करत. ते पहाऱ्याखाली एका खोऱ्यात होते. व्हिएत मिन्हसाठी निघालेली माणसे मात्र आठवडेच्या आठवडे रात्रीच्या अंधारात जंगलवाटांनी चालत होती, आणि प्रत्येकामागे शिपाई ठेवणे कुणालाही शक्य नव्हते. मागे राहिलेले घर आणि गावाची समिती हाच त्यांचा जामीन होता. त्या समितीत आता खंड कमी झालेली कुळे बसू लागली होती. सक्ती होती, पण ती बजावणारा हात बदलला होता, आणि कारकुनामार्फत येणाऱ्या जुन्या वसाहती वेठीपासून तिचे वेगळेपण इथेच आहे.

सारे श्रेय चीनला देणाऱ्यांनाही उत्तर दिले पाहिजे. तोफा, ट्रक, सल्लागार चीनकडून आले आणि त्यांच्यावाचून हा वेढा अशक्य होता. मात्र दोन टनांहून जड तोफा शेवटच्या डोंगरात सैनिकांनी दोरांनी ओढल्या, आणि २६ जानेवारी १९५४ ला व्हिएत मिन्हचे सेनापती जनरल व्हो न्गुएन झाप यांनी घाईचा हल्ला रद्द केल्यावर तशाच परत ओढल्या. त्या निर्णयाने लढाई लांबली आणि तांदळाची गरज कितीतरी वाढली. वाढीव पोती शोधायची होती गावांतच. एका ठिकाणी माझा मुद्दा तोकडा पडतो: वायव्येच्या डोंगरातल्या थाय गावांनीही पुष्कळ भात दिले, आणि तिथे तेव्हा जमीन सुधारणा नव्हतीच. तिथले राजकारण निराळे होते.

सपाटीवरच्या कुळांशी झालेला सौदा सरळ पार पडला नाही. दिएन बिएन फूच्या विजयानंतर जमीन वाटपाच्या लाटेत अनेक निरपराधांना, जुन्या लढवय्यांनाही, जमीनदार ठरवून शिक्षा झाल्या. काहींना प्राण गमवावे लागले. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये त्या चुकांची जाहीर कबुली देण्याचे काम झाप यांच्यावरच आले, आणि पक्षाचे सरचिटणीस त्रुओंग चिन यांना पद सोडावे लागले. ज्यांना शेते मिळाली त्यांच्याकडेही ती फार काळ स्वतंत्र राहिली नाहीत. १९६० संपेपर्यंत उत्तरेतली बहुसंख्य शेतकरी कुटुंबे सहकारी शेतीत गेली होती.