नकाशा कोणाचा?

आज इतिहास सांगणार आहे तो एका नकाशाचा. पण या नकाशात गावं नाहीत, नद्या नाहीत, रस्ते तर नाहीतच.

मी आयटीतला माणूस, वर एमबीए. म्हणजे यंत्राला हात न लावता यंत्राबद्दल बोलायची दोन्ही प्रमाणपत्रं माझ्याकडे आहेत. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमनं एका ग्राहकासाठी काम घेतलं. त्यांच्याकडे वीज तयार करणारी गॅस टर्बाइन होती आणि यंत्र कधी बिघडेल ते आधीच सांगणारं सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं. हिवाळ्यात आम्ही ते बसवलं. जुलैत त्यानं एकदम तीन धोक्याच्या सूचना दिल्या. आम्ही खूश! बैठकीला त्यांचे एक निवृत्त इंजिनिअर आले होते. आमचे आलेख बघून त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "हे आकडे हवामानाप्रमाणे दुरुस्त केलेत का? आणि तुमचा नकाशा कोणाचा?"

मला दोन्ही प्रश्न कळले नाहीत. "बघून सांगतो," हे सल्लागाराचं ठेवणीतलं उत्तर देऊन मी घरी आलो आणि वाचायला बसलो.

गॅस टर्बाइन ऐकायला अगदी सोपी. पुढे कॉम्प्रेसर हवा दाबतो, मध्ये इंधन जळतं, तापलेला वायू मागची टर्बाइन फिरवतो आणि ती टर्बाइन पुढच्या कॉम्प्रेसरला फिरवते. उरलेली ताकद आपली. पण घोडं अडलं ते उरण्यापाशीच. कॉम्प्रेसर इतकी ताकद खायचा की हाती काही लागत नसे. नॉर्वेच्या एजिडियस एलिंगनं 1903 मध्ये स्वतःचं स्वतः फिरून वर काही उरवणारं यंत्र केलं. उरलं किती? 11 अश्वशक्ती. स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल गावासाठी ब्राउन बोव्हेरी कंपनीनं 1939 मध्ये वीजनिर्मितीची टर्बाइन बनवली. तिची चाचणी ऐंशी वर्षांच्या ऑरेल स्टोडोला या प्राध्यापकांनी घेतली. टर्बाइन 15,400 किलोवॅट द्यायची, त्यातले 11,400 कॉम्प्रेसर गिळायचा, आणि गावाला मिळायचे 4,000. हा त्या काळातला मोठा विजय होता. आणीबाणीला राखून ठेवलेलं ते यंत्र 2002 पर्यंत कामाला होतं.

कॉम्प्रेसर इतका हट्टी का? कारण तो हवेला उताराच्या उलट, कमी दाबाकडून जास्त दाबाकडे ढकलतो. भरलेली हातगाडी चढावर ढकलताना हात सैल पडला की काय होतं ते आपण पाहिलंय. कॉम्प्रेसरमध्येही जोर कमी पडला की हवा उलटी मागे येते. धाडकन आवाज होतो, यंत्र हादरतं. याला म्हणतात सर्ज. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथनं 1926 मध्ये दाखवून दिलं की तोवरच्या कॉम्प्रेसरची पाती हवेत चुकीच्या कोनात उभी असायची. फार नाक वर केलेलं विमान जसं कोसळतं, तशीच त्या पात्यांची गत. पात्याला विमानाच्या पंखासारखा आकार द्या, असं त्यानं सांगितलं.

पण चांगलं पातं केलं तरी ते कुठवर साथ देईल, हे कागदावर कळत नव्हतं. मोजावंच लागायचं. ते मोजमाप जिथे नोंदवलं जातं तोच आपला नकाशा.

शाळेतल्या भूगोलात समोच्च रेषा होत्या, आठवतात? डोंगराभोवती काढलेली ती वेडीवाकडी वेटोळी. कॉम्प्रेसरचा नकाशा तसाच दिसतो. आडवं मोजायचं ते किती हवा आत जाते, उभं मोजायचं ते दाब किती पट वाढला. प्रत्येक वेगाची एक रेघ, आणि त्यावर कार्यक्षमतेची वेटोळी. मधोमध माथा, तिथे यंत्र सर्वात कमी ताकद वाया घालवतं. आणि डाव्या बाजूला सरळ कडा: सर्जची रेषा. गंमत अशी की माथा बहुतेक वेळा कड्याच्या जवळच असतो. सह्याद्रीत भटकलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

आता पहिला प्रश्न, हवामानाचा. तोच कॉम्प्रेसर थंडीत वेगळा वागतो, उन्हाळ्यात वेगळा. मग दर महिन्याला नवा नकाशा काढायचा का? इंजिनिअर लोकांनी युक्ती केली. हवेचं निरपेक्ष तापमान, म्हणजे सेल्सिअसमध्ये 273 मिळवून येणारा आकडा, 288 नं भागायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं, आणि यंत्राच्या फेऱ्यांना त्यानं भागायचं. हवेच्या वजनालाही अशीच दुरुस्ती. समजा यंत्र मिनिटाला 10,000 फेरे घेतंय. क्लीव्हलंडच्या जानेवारीत, उणे 10 अंशांत, नकाशावर ते 10,460 च्या रेघेवर असतं. उरणच्या गॅस टर्बाइन वीजकेंद्राच्या आवारात मे महिन्यात, 35 अंशांत, तेच यंत्र 9,670 वर येतं. त्यात उन्हाळ्यातली हवा विरळ, म्हणून वीजही कमी. यंत्र मात्र ठणठणीत असतं.

आमच्या सॉफ्टवेअरनं नेमकं हेच ओळखलं नाही. त्यानं जुलैचं ऊन पाहिलं आणि झीज समजून बसलं.

क्लीव्हलंडचं नाव मी उगाच घेतलं नाही. तिथल्या विमानतळाशेजारी नासाची ग्लेन प्रयोगशाळा आहे. युद्धाच्या काळात ती विमानांच्या इंजिनांसाठी उभी राहिली. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं कॉम्प्रेसर फिरवले, मोजले, नकाशे काढले. त्यांचा तीन खंडांचा अहवाल 1956 मध्ये गोपनीय म्हणून निघाला आणि 1965 मध्ये सर्वांसाठी खुला झाला.

नकाशा हातात आला तरी काम संपत नसे. कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा टर्बाइनमधून गेली पाहिजे, दोघांचा वेग एक हवा, आणि ताकदीचा हिशोब जुळायला हवा. नकाशावर एक बिंदू धरायचा, सगळं मोजायचं, जुळलं नाही की दुसरा बिंदू. हे काम माणसं कागद आणि स्लाइडरूल घेऊन करायची. पुढे ते संगणकाकडे गेलं. 1967 मध्ये डेटनच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेत 'स्मोट' नावाचा प्रोग्राम तयार झाला. त्यावर आधारून 1972 मध्ये क्लीव्हलंडच्या कोनिग आणि फिशबाख यांनी 'जेनेंग' केला. धरा, तपासा, चूक बघून पुन्हा धरा, हीच जुनी रीत आता यंत्र करू लागलं.

आणि इथे दुसरा प्रश्न येतो. संगणकाला नकाशा लागतो, पण कंपन्या आपला नकाशा कोणाला देत नाहीत. शिवाय जे इंजिन अजून बनलेलंच नाही, त्याचा नकाशा आणणार कुठून? म्हणून दुसऱ्या इंजिनाचा घ्यायचा आणि आपल्या मापाला ताणायचा. जेनेंगमध्ये त्याची सोयच होती. जवळच्या नात्यातल्या इंजिनांना हे चालतं. धाकट्याला थोरल्याचा सदरा चालतो तसं. फार ताणलं की उसवतं. अगदी कमी वेगांवर तर बहुतेक नकाशे मोजलेलेच नसतात. इंजिन सुरू होतानाची गणितं अंदाजानं पुढे ओढलेल्या रेघांवर चालतात.

डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव. 1901 मध्ये त्यांचं ग्लायडर अपेक्षेप्रमाणे उडेना, तेव्हा दुसऱ्यांच्या कोष्टकांवरचा त्यांचा विश्वास उडाला. त्यांनी सायकलच्या दुकानातच हवेचा छोटा बोगदा बनवला आणि पंखांचे आकडे स्वतः मोजले. डेटनच्याच प्रयोगशाळेत उसन्या नकाशांवर चालणारा प्रोग्राम निघावा, हे मला जरा मजेशीर वाटतं.

आमचा नकाशा कोणाचा होता, ते मला वाचतावाचता कळलं. इंजिनाच्या बिघाडाचं भाकीत शिकणारी जवळजवळ सगळी आयटीची मुलं ज्या माहितीवर हात बसवतात, ती नासानं 2008 मध्ये एका स्पर्धेसाठी खुली केली. 21 सेन्सरचे आकडे, शेकडो इंजिनं. त्यातलं एकही इंजिन खरं नाही. ती ग्लेनच्याच 'सीमॅप्स' या सिम्युलेशनमधून आली आहेत. विमानाचं मोठं इंजिन, आणि त्याच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता व हवा हळूहळू कमी करत नेलेली. त्यातल्या ज्या पहिल्या भागावर आम्ही आमची पद्धत घडवली, त्यात शंभर इंजिनं आहेत आणि हवामान एकच. आमच्या सॉफ्टवेअरला ऊन कसं ते कोणी दाखवलंच नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी त्या काकांना खरं ते सांगितलं. त्यांनी ग्राहकाच्या यंत्राची पहिल्या दिवशीची चाचणीची फाइल काढून दिली. पिवळी पडलेली पानं, हातानं काढलेल्या रेघा. आम्ही आकडे दुरुस्त करून त्यावर बसवले. जुलैच्या तीन सूचनांपैकी दोन नाहीशा झाल्या. तिसरी मात्र जाईना. तो बिंदू आपल्या रेघेच्या खालीच राहिला.

मशीन थांबवून पाहिलं, तर कॉम्प्रेसरच्या पुढच्या पात्यांवर तेलकट धुळीचा थर. पाण्यानं धुतल्यावर दोन दिवसांनी बिंदू रेघेवर परत आला.