कँडेल यांचे स्मृतिसंशोधन

स्पर्शासारख्या संवेदनेची आठवण चेतापेशींच्या जोडणीतील बदलांतून टिकते, हे दाखवणारे प्रयोगकार्य. व्हिएन्नात जन्मलेले अमेरिकन मज्जाशास्त्रज्ञ एरिक कँडेल (जन्म १९२९) यांनी सस्तन प्राण्यांचा गुंतागुंतीचा मेंदू बाजूला ठेवून अप्लिसिया ही सागरी गोगलगाय निवडली. तिच्यात सुमारे २०,००० चेतापेशी असून काही नुसत्या डोळ्यांनी दिसतात (→ चेतापेशी). नलिकेला हलका स्पर्श होताच ती कल्ला आत ओढते. शेपटीला विजेचा एक धक्का दिल्यावर साध्या स्पर्शालाही ती काही मिनिटे जोरदार प्रतिसाद देते. धक्के पुन्हापुन्हा दिल्यास परिणाम अनेक दिवस राहतो. एका धक्क्याने सेरोटोनिन स्रवते, असलेल्याच प्रथिनांत बदल होतो आणि संवेदी पेशी जास्त संदेशद्रव्य सोडते. पुनरावृत्तीने मात्र जनुके कार्यान्वित होऊन नव्या जोडण्या वाढतात (→ चेतासंधी). अल्पकालीन व दीर्घकालीन स्मृतींतला फरक त्यामुळे केवळ कालावधीचा नसून रचनेचा ठरतो.

गोगलगाईची प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे माणसाची आठवण नव्हे, हा आक्षेप अंशतः रास्त आहे: प्रसंगांच्या स्मृतीला लागणारा हिप्पोकॅम्पस तिच्यात नाही (→ हिप्पोकॅम्पस). पण जनुकांचे नियमन करणारे क्रेब प्रथिन फळमाशी व उंदीर यांच्याही दीर्घकालीन स्मृतीशी निगडित आढळले. साम्य रेणूंच्या पातळीवरचे आहे, अनुभवाच्या नव्हे. कँडेल यांना २००० मध्ये अर्व्हिड कार्लसन व पॉल ग्रीनगार्ड यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.