मिठाची दुसरी पुरचुंडी

आमच्या डोंबिवलीच्या घरात माळ्यावर एक लोखंडी तवा आहे, जेमतेम वीतभर रुंदीचा. लहानपणी मला तो भातुकलीतला वाटायचा. आजी म्हणायची, "वारीचा तवा आहे तो. पाय लावू नकोस."

पणजोबा घरापासूनच पायी निघत. बोरघाटातून रेल्वे 1863 सालीच सुरू झाली होती, पण तिकिटाचे पैसे पीठमिठाला लागत. कल्याण, कर्जत, खोपोली, मग घाट चढून आळंदी. तिथून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूर, आणखी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आळंदीच्या पुढे हैबतबाबांनी घालून दिलेली शिस्त होती. माउलींच्या नैवेद्याची सेवा अंकलीच्या शितोळे सरकारांकडे असे. आपल्या पोटाची सोय मात्र ज्याची त्याने पाहायची.

आजीच्या सांगण्यात ओझ्याचा हिशेब मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. गावातली सात-आठ माणसं मिळून एक टोप आणि एक तवा. टोप सकाळी एकाच्या खांद्यावर, दुपारी दुसऱ्याच्या. मीठ सगळ्यांत वयस्क माणसाच्या कमरेला, मेणकापडात बांधून, कारण आषाढाच्या पावसात मीठ विरघळलं की सगळ्यांचंच जेवण आळणी. ज्याचा त्याचा फक्त तांब्या. त्यानेच पाणी प्यायचं, त्यानेच अंघोळ करायची, त्यानेच तांदूळ मापायचे. चूल तीन दगडांची, वाटेत मिळेल तिथे. लाकडं ओली असत म्हणून घरून नारळाची सुकी सोडणं न्यायची, पेटवणीला. ठाण्या-कल्याणच्या माणसांची ही खास शिदोरी. देशावरचे वारकरी कौतुकाने मागून घेत.

भाकरीने मात्र आमच्या माणसांना दमवलं. तांदळाच्या पिठाची उकड काढावी लागते, म्हणजे आधी पाणी उकळायचं, त्यासाठी टोप अडकवायचा, सरपण जाळायचं. एवढं करून ती भाकरी दुसऱ्या दिवशी वातड. ज्वारीच्या पिठाला कोमट पाणी पुरतं. सासवडच्या पुढे आमच्या बायका ज्वारीची भाकरी थापायला शिकल्या आणि एका भांड्याचं काम कमी झालं. ओझं असंही उतरतं. दिवेघाटाचा टप्पा तर सगळ्यांत लांब, आणि बहुधा एकादशीचा. त्या दिवशी चूलच नाही. शेंगदाणे आणि गूळ चावत घाट चढायचा.

मग जर्मनची भांडी आली. ॲल्युमिनियमला आमच्याकडे आजही जर्मनच म्हणतात. पितळेच्या मानाने वजन जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आलं. कल्हई उडाली की पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, ती भीतीही गेली. पण पातळ बुडाला पिठलं झटकन लागायचं. चुलीवर ठेवण्याआधी टोपाला बाहेरून राखेचा ओला लेप द्यायची युक्ती तेवढी टिकली; काजळी लेपासकट निघून येते आणि घासायला पाणी कमी लागतं.

आजी वारीला जाऊ लागली तेव्हा दिंड्यांबरोबर ट्रक आले होते. मोठी पातेली, शिधा, पुढे गॅसच्या शेगड्याही ट्रकात. माणसाजवळ नाव कोरलेलं स्टीलचं ताट आणि तांब्या. आजी तरीही पडशीत तो तवा घ्यायचीच. घरचे म्हणत, कशाला उगाच? ती उत्तर द्यायची नाही.

एका वर्षी फलटणच्या पुढे पाऊस लागला आणि ट्रक मागे चिखलात रुतला. रात्र झाली. शाळेच्या ओसरीवर आजीने तवा काढला, कुणाकडे पीठ निघालं, कुणाकडे कांदा. वीतभर तव्यावर मध्यरात्रीपर्यंत एकेक भाकरी होत राहिली. भाकरीबरोबर ठेचलेल्या कांद्याला घालायला मीठ नव्हतं. तिची पुरचुंडी भिजून वाहून गेली होती. शेजारच्या दिंडीतल्या एका बाईने स्वतःचं अर्धं मीठ काढून दिलं.

सकाळी आजी तिला मीठ परत द्यायला निघाली. त्या गर्दीत ती सापडली नाही. पंढरपूरपर्यंत आजी तिला शोधत होती. पुढच्या वर्षापासून तिच्या पडशीत मिठाच्या दोन पुरचुंड्या असत. दुसरी तिने कधीच सोडली नाही.