बिनतारी वाचा

कारंजे हे वेशींचे गाव. दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, दारव्हा वेस ही नावे आपण रोज घेतो. पण वेस ही केवळ माणसांची व बैलगाड्यांची वाट नव्हती, ती बातमीचीही वाट होती, हे आपल्या ध्यानात राहत नाही. १६७० साली मराठी फौजांनी हे श्रीमंत शहर लुटले. ती लूट चार हजार बैलांवर व गाढवांवर लादून नेली, असे जदुनाथ सरकारांनी नमूद केले आहे. त्या काळी बातमी बहुधा घोड्याच्याच पायांनी धावे. फौज पुढे की बातमी पुढे, एवढ्यावर शहराचे नशीब ठरे.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून धावू लागली. तिला आपण प्रेमाने 'शकुंतला' म्हणत आलो. आज ती थांबली आहे. रूळ आले की शेजारी खांब येतात आणि खांबांवरून तार जाते. निरोप आता क्षणात पोहोचू लागला खरा. पण तार सरकारची, यंत्र मास्तरांच्या टेबलावर, आणि आपण खिडकीबाहेर चिठ्ठी घेऊन उभे! आपला निरोप आपणच थेट सांगावा, ही सोय सामान्य माणसाला केव्हा मिळाली? मिळाली की नाही? आज आम्हांला याच प्रश्नाचा इतिहास मांडावयाचा आहे.

या प्रश्नाकडे आम्ही वळलो ते एका घरगुती फजितीमुळे. शेतावरच्या मोटारीपाशी कोणी असले तर त्याच्याशी घरून बोलता यावे, म्हणून आम्ही दोन बोलके हातसंच विकत घेतले. मोबाईलला त्या शिवारात धड रेंज नाही. संच स्वस्त होते, विकणाराने परवान्याचे नावही काढले नव्हते. चार दिवस आम्ही मोठ्या ऐटीत बोललो. मग एका जाणत्या स्नेह्याने सांगितले की, या लहरींवर परवान्यावाचून बोलणे हा गुन्हा आहे. संच कपाटात गेले. हा कायदा आला कोठून, याचा आम्ही शोध घेऊ लागलो.

मूळ आहे १८८५ च्या तार कायद्यात. संदेश वाहून नेण्याचा अधिकार सरकारचा, इतरांना तो सरकार देईल तेव्हा, हे तत्त्व त्याने घालून दिले. १९०१ साली मार्कोनीने अटलांटिकच्या पलीकडे बिनतारी संकेत पोहोचविला आणि सत्तेपुढे नवीच अडचण उभी राहिली. तार कापता येते, खांबावर पहारा ठेवता येतो; वाऱ्यावर पहारा कसा ठेवावा? हिंदुस्थानात १९२१ च्या सुमारास पहिले हौशी बिनतारीवाले पुढे आले. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्त हे त्यांतले अग्रणी. १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबाने हौसेने ध्वनिक्षेपण केले. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र रीतसर सुरू झाले. त्याच वर्षी खडकी आणि दौंड येथील केंद्रांमार्फत विलायतेशी बिनतारी तारांची ये-जा चालू झाली. खडकीहून संदेश सुटत, दौंडला ते झेलले जात. दौंडच्या माळावर विलायत बोलत होती, पण दौंडच्या शेतकऱ्याला पुण्याशी बोलण्याचे साधन नव्हते!

त्यानंतर आला १९३३ चा बिनतारी कायदा. यंत्र चालविणेच नव्हे, तर परवान्यावाचून नुसते जवळ बाळगणेही त्याने गुन्हा ठरविले. ऐकण्याचा रेडिओसुद्धा यातून सुटला नाही. ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्यांना पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरल्याचे आठवत असेल; ती पद्धत १९८० नंतरच्या दशकात संपली. तात्पर्य, सरकारने प्रजेला पैसे घेऊन कान दिला; तोंड मात्र मोजक्यांना दिले. १९३० नंतरच्या दशकात बोलण्याचा परवाना असलेले हौशी लोक साऱ्या देशात अगदी थोडे होते. १९३९ साली महायुद्ध पेटताच त्यांनाही आपले प्रक्षेपक पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम सुटले.

हे तोंड बंद ठेवण्यात सत्तेचा हेतू काय होता, हे १९४२ ने उघड केले. ८ ऑगस्टला 'चले जाव'चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या. अशा वेळी २२ वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आदी तरुणांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ उभारला. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी साहित्याची मदत केली. हौशी बिनतारीची विद्या जाणणाऱ्या नरिमन प्रिंटर यांचा यंत्र उभारण्यात हात होता. राममनोहर लोहिया आणि आपले अच्युतराव पटवर्धन या कामाशी निगडित होते. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर पहिला आवाज उमटला. हा आकडा आम्ही मुद्दाम सांगतो. मीटरांचे रूपांतर केले तर तो सुमारे ७०८० किलोहर्ट्झ होतो. हौशी बिनतारीवाले आजही ज्या पट्ट्यात रात्री गप्पा मारतात, तोच हा पट्टा!

प्रक्षेपक एका जागी ठेवणे धोक्याचे होते. पोलिसांच्या गाड्यांवर दिशाशोधक एरियल असे. ते फिरविले की आवाज कोणत्या दिशेने येतो हे कळते. दोन निरनिराळ्या जागांवरून दोन दिशा काढून नकाशावर रेषा ओढल्या की त्या जेथे छेदतात तेथे यंत्र. म्हणून हे बिऱ्हाड चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड असे पाठीवर घेऊन फिरत होते. अखेर १२ नोव्हेंबरला महालक्ष्मीजवळ ते पकडले गेले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

आम्हां वऱ्हाडकरांना या अडीच महिन्यांचे एक ऋण विसरता येणार नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टी येथे लोक उठले आणि त्यानंतर तेथे जे दमन झाले, त्याची हकिगत छापण्याची सोय उरली नव्हती. ती देशाला सांगितली या गुप्त रेडिओने. वर्धा आणि चांदा जिल्ह्यांतल्या दोन गावांचा आक्रोश मुंबईच्या एका बंद खोलीतून हवेत गेला. परवाना नव्हता, पण खरे तोंड तेवढेच उरले होते.

त्याच सुमारास परदेशात बोलता रेडिओ माणसाच्या अंगाखांद्यावर येत होता. कॅनडात डोनाल्ड हिंग्ज यांनी १९३७ मध्ये उचलून नेण्याजोगा संच केला. अमेरिकन सैनिकांना युद्धात पाठीवर वाहण्याचा सुमारे ३५ रत्तल वजनाचा संच मिळाला आणि हातात धरण्याचा सुमारे ५ रत्तलांचाही. हातसंचाची धाव जेमतेम मैलभर. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला, काचेचे दिवे गेले, जड बॅटऱ्या गेल्या. १९५८ मध्ये अमेरिकेने २७ मेगाहर्ट्झजवळचा पट्टा सामान्य नागरिकांसाठी मोकळा केला आणि तेथील शेतकरी व लॉरीवाले आपसांत बोलू लागले.

आणि आपण? स्वातंत्र्य आले. १५ मे १९४८ रोजी महूच्या सैनिकी सिग्नल शाळेत हौशी बिनतारीवाल्यांचा क्लब निघाला. १९५४ मध्ये तीच दिल्लीची अमॅच्युअर रेडिओ सोसायटी झाली. युद्धातून उरलेल्या डिस्पोजलच्या मालातून हौशी मंडळी हाताने संच जुळवीत. पण १८८५ आणि १९३३ चे कायदे जसेच्या तसे पुढे चालले. राज्यकर्ते बदलले, वाऱ्याची मालकी बदलली नाही. १९८० नंतर हौशी लोकांच्या यंत्रांवरील आयात जकात उठली तेव्हा थोडे वारे आत आले. राजीव गांधी स्वतः परवानाधारक हौशी होते. मग २००५ साली २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा नागरिक पट्टा ५ वॉटपर्यंत परवान्यावाचून खुला झाला आणि २०१८ मध्ये ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ ही अरुंद फट. फट अरुंद खरी. पण सामान्याची वाचा अखेर तिच्यातून बाहेर आली.

तेव्हा कारंज्याच्या माणसाने आज काय करावे? पहिला मार्ग सोपा: या खुल्या पट्ट्यांतला, सरकारमान्य प्रकारचा संच घ्यावा. एक बटण, दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. दोघांना एकाच वेळी बोलता येत नाही, ही त्याची मर्यादा आणि आम्ही म्हणू की शिस्तही. अशा लहरी बहुतांशी दृष्टीच्या रेषेत जातात. सपाट काळ्या रानात खांद्याच्या उंचीचे दोन संच गणिताने दहा किलोमीटर गाठतील; प्रत्यक्षात झाडे, घरे व चढउतार यांमुळे दोन-तीनांवर समाधान मानावे.

दुसरा मार्ग परीक्षेचा. हौशी परवान्याची परीक्षा शाळकरी मुलालाही देता येते. विजेची मूलतत्त्वे आणि नियम एवढाच गाभा. उत्तीर्ण झालात की 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होणारे तुमचे नाव जगाला कळते. मग १४५ मेगाहर्ट्झजवळ बोलताना गच्चीवर दहा मीटर उंच खांब उभारून त्यावर अर्ध्या मीटरची उभी काठी लावली, तर शिवारातल्या हातसंचाशी गाठ अठरा किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आणि दहा-दहा मीटर तांब्याच्या तारेचे दोन हात ताणले की ७ मेगाहर्ट्झवर शेकडो किलोमीटर. तार बाजारात मिळते, बॅटरी बारा व्होल्टची, ती सूर्याच्या पत्र्यावर भरते.

याची गरज काय, हा प्रश्न किल्लारीची पहाट आठवणाऱ्या महाराष्ट्राने विचारू नये. २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी अंदमानात धरणी हादरली आणि समुद्र चढला, तेव्हा भारती प्रसाद हौशी बिनतारीवाल्यांच्या तुकडीसह पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. टेलिफोन मुके झाले. त्यांचा संच बोलत राहिला आणि बेपत्ता माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचले. २००१ च्या भूजच्या भूकंपातही हेच घडले होते. मनोरे पडतात तेव्हा तारेचा तुकडा उपयोगी पडतो.

सरकारची भीती अगदीच खोटी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. चुकीच्या लहरीवरचा एक आवाज विमानाच्या किंवा पोलिसांच्या बोलण्यात शिरू शकतो. २०२५ साली इंटरनेटवरील बेकायदा वॉकी-टॉकी विक्रीला आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. आमच्यासारखे फसलेले ग्राहक पाहता ती योग्यच म्हणावी लागतील. परंतु दोष एकट्या सरकारच्या माथी मारून चालणार नाही. परकी सत्ता तोंड बंद करीत होती तेव्हा मूठभर तरुणांनी तुरुंग पत्करून ते उघडले. आज तेच तोंड उघडण्यास तुरुंग लागत नाही, एक परीक्षा लागते. आणि ती देण्याचा आपल्याला कंटाळा आहे!

आमचे ते दोन संच अजून कपाटातच आहेत. मात्र घरात आमची नात परीक्षेचे पुस्तक उघडून बसली आहे. कारंज्याच्या चार वेशी चार दिशांना उघडत होत्या. पाचवी वेस वर आकाशाकडे उघडते. तिची किल्ली आता आपल्या हाती आहे.