हात थरथरतोय? कंपवात, तणनाशक अन् खाजकुइली: काय खरं, काय नाही

मांडीवर नुसता ठेवलेला हात थरथरतो, चालताना पाय घासत जातो, सही बारीक होत जाते. 'वय झालं, चालायचंच' म्हणून घरचे सोडून देतात. पण हा कंपवात, म्हणजे पार्किन्सन असू शकतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये या आजाराचं वर्णन केलं. यात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरतात.

फवारणीशी संबंध काय?
वय आणि आनुवंशिकता ही कारणं आहेतच, पण संशय शेतातल्या औषधांवरही आहे. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीच्या अमली पदार्थातून 'एमपीटीपी' हे रसायन शरीरात गेलेल्या तरुणांना अचानक कंपवातासारखी लक्षणं दिसली. शरीरात त्यापासून बनणारं विष रचनेने पॅराक्वाट या तणनाशकासारखंच असतं. 2011 च्या अमेरिकन अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरणाऱ्यांत हा आजार सुमारे अडीचपट आढळला. फ्रान्सने 2012 मध्ये कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन व्यवसायजन्य आजार मानला. युरोपीय संघात पॅराक्वाट 2007 पासून बंद आहे.

फवारणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होतो, असं नाही. पण 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते लगेच दिसलं. कंपवात दिसायला वर्षं लागतात, म्हणून काळजी आजच घ्यायची.

हे पाळा
- हातमोजे, मास्क, गमबूट घाला. औषध हाताने ढवळू नका.
- वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकू नका.
- आल्यावर आंघोळ करा, कपडे वेगळे धुवा.
- रिकामा डबा पाण्याला किंवा धान्याला वापरू नका.

खाजकुइलीचं काय?
बांधावरच्या या वेलीच्या शेंगेची कूस लागली की अंग खाजतं. आयुर्वेदात तिचं बी कंपवातावर वापरतात आणि त्याला आधारही आहे. बियांत लेव्होडोपा असतं, हे 1937 मध्येच भारतीय संशोधकांनी दाखवलं. डॉक्टर देतात त्या गोळीतही मुख्य औषध हेच.

धोका इथेच आहे. चूर्णात लेव्होडोपा किती, हे प्रत्येक वेळी सारखं नसतं. गोळीसोबत चूर्णही घेतलं तर मात्रा वाढून उलट्या, चक्कर, नको त्या हालचाली होतात. चूर्णाच्या भरवशावर गोळी एकदम बंद केली तर अंग आखडून जिवावर बेतू शकतं. शिवाय चूर्ण खाल्ल्याने आजार टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. रोजचं चालणं आणि व्यायाम मात्र नक्की उपयोगाचा.

लक्षणं दिसली तर मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. चूर्ण चालू असेल तर लपवू नका, पुडी सोबत न्या. कोणती औषधं किती वर्षं फवारली, तेही सांगा.