नावेचे नाव

मूल जगत नसले म्हणजे पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू किंवा केरू ठेवावे, हा आपल्याकडचा जुना परिपाठ. नाव हलके ठेवले म्हणजे काळाची नजर त्या पोरावरून घसरून जाईल, अशी त्यामागची भाबडी समजूत. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने मुलीचे नवे नाव लिहिण्याची चालही आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळली. नावाने दैवाला चकवता येते, निदान नव्या नावाने नवा संसार मांडता येतो, असे जमिनीवरचा माणूस मानत आला. दर्यावरचा माणूस नेमके याच्या उलट मानतो. युरोपातल्या शिडाच्या जहाजांवर हयात घालवलेल्या खलाशाची अशी पक्की धारणा असे की, जहाजाचे एकदा बारसे झाले की ते नाव बदलू नये. बदलले तर ते जहाज बुडते, न बुडाले तर त्यावरच्या माणसांची धडगत राहत नाही. मराठीत होडीला आणि अभिधानाला ‘नाव’ हा एकच शब्द आहे. हा निव्वळ योगायोग खरा. पण त्या खलाशाला सांगितला असता तर त्याने तो योगायोग मानला नसता.

या समजुतीचा एक ठळक उल्लेख रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ या 1883 साली पुस्तकरूपाने निघालेल्या कादंबरीत आहे. तीमधला लाँग जॉन सिल्व्हर हा एकपायी चाचा गप्पांच्या ओघात हेच मत सांगतो आणि दाखला म्हणून रॉबर्ट्सच्या टोळीचे नाव घेतो. सिल्व्हर कल्पित असला तरी ही टोळी खरी. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स हा वेल्सचा चाचा एखादे जहाज पकडी आणि त्याला ‘रॉयल फॉर्च्यून’ असे नाव देई. ते सोडून दुसरे घेतले की त्यालाही तेच नाव. फेब्रुवारी 1722 मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांच्या युद्धनौकेने त्याला गाठले. तो लढाईत ठार झाला आणि त्याचे 52 साथीदार केप कोस्टच्या किल्ल्यावर फासावर गेले. सिल्व्हरच्या मते हे सारे नावे बदलल्याचे फळ! चाचेगिरीचे फळ म्हणून फाशी होते, हे त्या बिचाऱ्याला सुचले नसावे.

दर्यावर्दी लोकांच्या इतर समजुतींकडे पाहिले तर ही एकटी वाटत नाही. शुक्रवारी बंदर सोडू नये, डेकवर शीळ घालू नये, नाहीतर वारा चवताळतो, अशा कितीतरी गोष्टी ते पाळीत. बांधतानाच जहाजात काही शुभ वस्तू घालून ठेवण्याची चाल तर फारच प्राचीन. 1962 साली लंडनमध्ये टेम्सच्या पात्रात, ब्लॅकफ्रायर्स येथे, रोमन काळातले एक बुडालेले गलबत सापडले. डोलकाठी ज्या खोबणीत बसवतात तिच्या तळाशी सम्राट डोमिशियनचे, इ. स. 88–89 मधले, एक नाणे ठेवलेले होते. नाण्याच्या एका अंगावर भाग्यदेवता फॉर्च्यूना हाती सुकाणू घेऊन उभी आहे, आणि नेमके तेच अंग वर केलेले होते. आपल्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणारा कोळी हे पाहून मुळीच चकित होणार नाही. पायाखाली एक फळी आणि फळीखाली अथांग पाणी अशा जागी उभा असलेला माणूस मिळेल तो आधार धरतो. त्याला घरात बसून हसणे सोपे आहे.

पण समजुतीला इतिहासाचा आधार कितपत? फ्रान्सिस ड्रेकचे उदाहरण घ्या. डिसेंबर 1577 मध्ये त्याने पाच जहाजांनिशी प्लिमथ सोडले, तेव्हा त्याच्या जहाजाचे नाव ‘पेलिकन’ होते. पुढच्या वर्षी मॅगेलनच्या सामुद्रधुनीत शिरण्याच्या सुमारास, म्हणजे साऱ्या प्रवासातल्या अत्यंत घातकी टप्प्यावर, त्याने ते बदलून ‘गोल्डन हाइंड’ केले; मोहिमेला पैसा देणारे सर क्रिस्टोफर हॅटन यांच्या कुलचिन्हात सोनेरी हरिणी होती, तिच्यावरून. सिल्व्हरचे खरे मानले तर हे जहाज तिथेच फुटायला हवे होते. घडले ते असे की, पाचांपैकी हेच एक जहाज पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून, लुटीच्या सोन्यारुप्याने भरलेले, सप्टेंबर 1580 मध्ये परत आले. आणि पुढच्या वर्षी त्याच्याच डेकवर ड्रेकला सरदारकी मिळाली.

उलट बाजूने ज्या जहाजाचा दाखला हटकून दिला जातो ते ‘मेरी सेलेस्ट’. डिसेंबर 1872 मध्ये अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान ‘डेई ग्रेशिया’ या जहाजाला ते भरकटताना आढळले. मद्यार्काची 1,701 पिंपे जवळजवळ जशीच्या तशी, खाण्यापिण्याचे सामान भरपूर. परंतु कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, त्याची पत्नी, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी यांचा पत्ता नाही. जहाजावरची एकुलती एक होडीही नव्हती. ती दहा माणसे पुन्हा कधीही कोणाला दिसली नाहीत. आणि हे जहाज नाव बदललेले! 1861 साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात ते बांधले गेले तेव्हा त्याचे नाव ‘ॲमेझॉन’ होते. 1868 साली अमेरिकन मालकाकडे गेल्यावर ते ‘मेरी सेलेस्ट’ झाले. समजुतीला याहून भक्कम पुरावा कोणता हवा?

मात्र पुरावा उलटतपासणीत टिकत नाही. ‘ॲमेझॉन’ या मूळ, अभंग नावाखालीच पहिला कप्तान पहिल्या सफरीच्या आरंभी आजारी पडून वारला. इंग्लिश खाडीत या जहाजाने दुसऱ्या एका जहाजाला धडक देऊन बुडवले. आणि ऑक्टोबर 1867 मध्ये वादळात ते केप ब्रेटन बेटाच्या किनाऱ्यावर चढून इतके मोडले की मालकांनी त्याच्यावर पाणी सोडले. नाव बदलले गेले ते यानंतर. म्हणजे नाव बदलले म्हणून संकट आले असे नव्हे. संकट आले, जहाज मोडीच्या भावाने हातोहात गेले, म्हणून नाव बदलले. पुढे 1885 च्या जानेवारीत कप्तान पार्कर याने विम्याच्या पैशासाठी हे जहाज हैतीजवळच्या खडकावर जाणूनबुजून घातले, तेव्हा त्याच्या दुर्दैवाची यात्रा संपली. (आधल्याच वर्षी कॉनन डॉइलने या घटनेवर कथा लिहिली आणि तीत जहाजाला ‘मारी सेलेस्ट’ म्हटले. पुष्कळांच्या तोंडी आज तेच रूप आहे. तेव्हा याचे तिसरे बारसे एका लेखकाने केले म्हणायचे.)

मला वाटते, या समजुतीची किल्ली इथे सापडते. शिडांच्या काळात जहाजाचे नाव कोण बदली? कर्जबुडव्या, जहाज पकडणारा चाचा, शत्रूचे जहाज जिंकून आणणारा कप्तान, किंवा फुटके गलबत स्वस्तात घेऊन रंग लावून विकणारा व्यापारी. नोकरीच्या शोधात धक्क्यावर उभ्या असलेल्या खलाशापाशी जहाजाची पारख करायला दुसरे साधन काय होते? तळाची फळी कुजली आहे की नाही हे त्याला कोणी दाखवीत नसे. त्याला ठाऊक असे ते नाव, आणि त्या नावाभोवती बंदराबंदरांतून जमलेली कीर्ती किंवा अपकीर्ती. नाव बदलले की ही सारी माहिती एका कुंचल्यासरशी पुसली जाई. सावकार पेढीचे नाव बदलतो तेव्हा ठेवीदाराच्या पोटात गोळा येतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून खलाशाने ज्याला अपशकुन म्हटले, त्यालाच कायद्याने लबाडी म्हटले. 1894 च्या ब्रिटिश कायद्याने व्यापारी जहाजाचे नाव नाळेच्या दोन्ही अंगांना, आणि पिछाडीस बंदराच्या नावासह, निदान चार इंच उंच अक्षरांत लिहिणे बंधनकारक केले. बोर्ड ऑफ ट्रेडच्या लेखी पूर्वपरवानगीखेरीज ते बदलायला बंदी घातली. आणि त्यावरही विश्वास न ठेवता नोंदणीचा क्रमांक मुख्य तुळईत कायमचा कोरून घेतला.

सागरदेवतेपाशी साऱ्या जहाजांची एक वही असते, तीतून जुने नाव खोडून घेतल्याखेरीज नवे ठेवू नये, असे हौशी नौकांचे मालक अजून सांगतात. जुन्या नावाची प्रत्येक खूण, अगदी रोजनिशी आणि किल्लीची साखळीसुद्धा, उतरवायची. दर्याला मद्य पाजायचे. मगच नवी पाटी. या वहीची कल्पना मला तरी ग्रीक देवळापेक्षा नोंदणी कचेरीच्या जवळची वाटते.

कधी कधी नाव बदलणारा हा लबाड नसून भित्रा असतो. जर्मन आरमारात ‘डॉइचलांट’, म्हणजे साक्षात ‘जर्मनी’, या नावाची नौका होती. डिसेंबर 1939 मध्ये तिची भगिनी-नौका ‘ग्राफ श्पे’ दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर नष्ट झाली. ‘जर्मनी बुडाली’ अशी बातमी जगभर जाण्याच्या धास्तीने हिटलरने 1940 च्या आरंभी ‘डॉइचलांट’ला ‘ल्युत्सोव’ करून टाकले. याच नावाची आधीची नौका 1916 साली जटलंडच्या लढाईत बुडाली होती, हे विशेष. ‘ग्राफ श्पे’शी झुंजलेल्या तीन नौकांपैकी ‘अकिलीस’ ही पुढे 1948 साली भारताने घेतली आणि तिचे नाव ‘दिल्ली’ ठेवले. त्या लढाईवर 1956 साली इंग्रजी चित्रपट निघाला तेव्हा आपल्या ‘दिल्ली’ने त्यात ‘अकिलीस’चे, म्हणजे स्वतःच्याच पूर्वाश्रमीचे, काम केले.

आता मुंबईच्या एका जहाजाकडे वळू, कारण नाव बदलल्याने नेमके काय हरवते हे त्याच्या कथेइतके स्पष्ट मला दुसरीकडे दिसले नाही.

लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली सुरतेहून मुंबईस आले, तेव्हापासून मुंबईच्या गोदीत या पारशी घराण्याच्या हाताखाली जहाजे बांधली जाऊ लागली. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडला ओकचे लाकूड पुरेना, तेव्हा तेथील आरमाराची नजर मलबारच्या सागवानाकडे आणि मुंबईच्या सुतारांकडे वळली. एका फ्रिगेटचे नकाशे विलायतेहून ‘जावा’ नावाच्या युद्धनौकेवरून रवाना झाले. ही ‘जावा’ मूळची फ्रेंच ‘रनोमे’. 1811 साली इंग्रजांनी जिंकून तिचे नाव बदलले होते. 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने तिला गाठून पार मोडले, आणि ती जाळून टाकावी लागली. सिल्व्हरला टाळी द्यायला ही एक जागा आहे खरी. नकाशांच्या नव्या प्रती दुसऱ्या जहाजाने पाठवाव्या लागल्या.

मे 1816 मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांच्या उपस्थितीत नव्या जहाजाच्या तळाच्या कण्यात कोरीव चांदीचा खिळा ठोकण्यात आला. जहाजाला क्षेम लाभावे म्हणून पारशी कारागीर हा विधी आवश्यक मानीत. टेम्सच्या चिखलातले ते रोमन नाणे आणि मुंबईच्या गोदीतला हा खिळा यांच्यात सतराशे वर्षांचे अंतर, पण आत घालणारा हात एकाच मनाचा. 12 ऑक्टोबर 1817 रोजी जहाज पाण्यात उतरले आणि श्रीलंकेतल्या बंदरावरून त्याला ‘त्रिंकोमाली’ हे नाव मिळाले. इंग्लंडला पोहोचेतो युद्ध संपले होते. बरीच वर्षे ते नुसते नांगरून पडले. 1847 पासून दहा वर्षे त्याने वेस्ट इंडीज आणि पॅसिफिकमध्ये नोकरी केली, मग राखीव दलाच्या शिक्षणासाठी ते इंग्लंडच्या बंदरांतून उभे राहिले, त्यातली 1862 ते 1877 ही वर्षे हार्टलपूलला. 1897 साली ते मोडीत निघाले.

त्याच वर्षी जूनमध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर नेल्सनचे एकेकाळचे ध्वजजहाज ‘फूद्रोयाँ’ वादळात फुटले. जेफ्री व्हीटली कॉब या गृहस्थाने ते मोडणाऱ्यांकडून सोडवून आणले होते, मुलांना दर्यावर्दीपणाचे शिक्षण देण्यासाठी. हाती उरलेल्या कामासाठी त्याने ‘त्रिंकोमाली’ विकत घेतले, दुरुस्त केले, आणि 1903 साली गेलेल्या जहाजाच्या स्मरणार्थ त्यालाच ‘फूद्रोयाँ’ म्हटले. त्यात लबाडी नव्हती, भीती नव्हती. होते ते निव्वळ प्रेम. नियतीनेही त्याला शिक्षा केली नाही. फालमथ, मग पोर्टस्मथ, अशा बंदरांत 1986 पर्यंत त्यावर मुले शिकत राहिली. दोन महायुद्धे आली नि गेली, जहाज सुखरूप राहिले.

आणि तरीही काही गेले होते. पिछाडीवर ‘फूद्रोयाँ’ वाचणाऱ्याचे मन नेल्सनकडे जाणार, नेपल्सकडे जाणार, मुंबईकडे नव्हे. मलबारचे सागवान, गोदीतले सुतार, जमशेटजींचा खिळा, या साऱ्यांवर एका परक्या कीर्तीचा रंग चढला. ‘जावा’ला बुडवणाऱ्या ‘कॉन्स्टिट्यूशन’वरही अशी वेळ आली होती. 1917 साली ते नाव नव्या युद्धनौकेसाठी हवे म्हणून तिला ‘ओल्ड कॉन्स्टिट्यूशन’ केले. नवी नौका कधी पुरी झालीच नाही, आणि 1925 साली म्हातारीला तिचे नाव परत मिळाले. पण तिच्या पाठीशी एक राष्ट्र होते. ‘त्रिंकोमाली’ला नव्वद वर्षे थांबावे लागले.

1987 साली मोठ्या तराफ्यावर चढवून ते हार्टलपूलला आणले गेले. दुरुस्ती सुरू झाली तेव्हा आत निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच, मुंबईत बसवलेले, निघाले. 1992 साली त्याला ‘त्रिंकोमाली’ हे नाव पुन्हा देण्यात आले. 2001 साली काम पुरे झाले. नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ त्याहून जुने, पण ते कोरड्या गोदीत आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत आज सर्वांत जुनी नौका ती ही, वाडियांनी बांधलेली.