फी भरून शर्यत : कार्लिन नावाच्या संघाची गोष्ट

२०२५ चा फॉर्म्युला वन जगज्जेता लँडो नॉरिस. चार वेळा जगज्जेता झालेला सेबास्टियन व्हेटेल. इंडियानापोलिस ५०० दोनदा जिंकलेला जपानी ताकुमा सातो. आणि आपले दोघे, कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन आणि मुंबईचा जेहान दारूवाला. हे पाचही जण कधी ना कधी एकाच संघाच्या गाडीत बसून शर्यत लढलेत. संघाचं नाव कार्लिन, मुक्काम इंग्लंडमधल्या सरे परगण्यातलं फार्नहॅम. आज संघ चालू आहे, पण दारावरचं कार्लिन हे नाव गेलंय. कसं गेलं ते पुढे येईलच.

आधी थोडं समजून घेऊ. एकच माणूस बसतो, चाकं उघडी असतात, त्या गाडीला सिंगल सीटर म्हणतात. पोरगं आठव्या-दहाव्या वर्षी कार्टिंगला लागतं, मग फॉर्म्युला फोर, थ्री, टू अशा पायऱ्या चढत वर जातं. शेवटच्या पायरीवर, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये, जगभरात मिळून वीस-बावीस जागा. या मधल्या पायऱ्यांवर शिकवण्याचं काम कार्लिनसारखे संघ करतात. गाडी, मेकॅनिक, इंजिनिअर, टायर, प्रवास सगळं त्यांचं.

पण इथे आपल्या क्रिकेटच्या उलटा हिशोब आहे. रणजी खेळणाऱ्या पोराला मानधन मिळतं. इथे पोरगा संघाला पैसे देतो. फॉर्म्युला टूच्या एका हंगामाचा खर्च आजच्या भावात वीस कोटी रुपयांच्या घरात जातो. सरळ सांगायचं तर ही शाळा आहे, आणि फी जबर आहे. गुणवत्ता लागतेच, पण ती फी भरल्यानंतर मोजली जाते.

ट्रेव्हर कार्लिन यांनी १९९६ मध्ये हा संघ काढला. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांच्याकडे ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीसाठी नारायण आला. त्याचे वडील दक्षिण भारतातले नावाजलेले रॅलीपटू, त्यामुळे घरात पेट्रोलचा वास होताच. तो फ्रान्समधल्या विनफिल्ड रेसिंग स्कूलमध्ये शिकला होता आणि १९९६ ची फॉर्म्युला एशिया मालिका जिंकून आला होता. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, त्याने ब्रँड्स हॅचला दोन शर्यती जिंकल्या. कार्लिनच्या अगदी सुरुवातीच्या विजयांमध्ये हे दोन येतात. मला याचं फार अप्रूप वाटतं. पुढे इतका मोठा झालेला संघ उभा राहत होता, तेव्हा त्याच्या पायाभरणीत आपला एक पोरगा होता. आपल्याकडे मात्र नारायणची गोष्ट सांगताना ती थेट २००५ पासून सुरू करतात.

नारायण गेल्यावर तिथे सातो बहरला. २००१ साली त्याने एकाच हंगामात बारा शर्यती जिंकून ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचं विजेतेपद मिळवलं, वर मकाऊची मानाची शर्यतही जिंकली. दुसऱ्या क्रमांकावर त्याचाच सहकारी अँथनी डेव्हिडसन. तिथून कार्लिनची गाडी सुसाट सुटली. २००८ ते २०१३ सलग सहा वर्षं ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचा विजेता कार्लिनचाच. त्यात डॅनियल रिकार्डो आहे, फेलिपे नासर आहे. व्हेटेल २००७ मध्ये कार्लिनकडून वर्ल्ड सीरिजमध्ये गुणतक्त्यात आघाडीवर असताना, हंगाम अर्धाच सोडून फॉर्म्युला वनमध्ये गेला. शाळेच्या दृष्टीने यापेक्षा चांगला दाखला कुठला? गंमत म्हणजे ही शाळा इतकी चालली, पण ती स्पर्धाच २०१४ नंतर बंद पडली. खर्च वाढले, गाड्या कमी झाल्या, पोरं युरोपातल्या दुसऱ्या मालिकांकडे वळली.

आता मुद्द्याचं. सातो कुणाच्या पैशावर तिथे पोहोचला? त्याच्याकडे श्रीमंत बाप नव्हता. सुझुकाच्या रेसिंग स्कूलमधून होंडाची शिष्यवृत्ती मिळवून तो इंग्लंडला आला होता. जवळपास वीस वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच वाटेने युकी त्सुनोडा कार्लिनच्या फॉर्म्युला टू गाडीत बसला. पुन्हा होंडाचंच पाठबळ. पहिल्याच हंगामात तिसरा आला आणि २०२१ मध्ये फॉर्म्युला वनला गेला. माणसं बदलली, वाट तीच राहिली.

त्याच २०२० मध्ये त्सुनोडाचा सहकारी कोण? आपला जेहान. तो २०११ मध्ये फोर्स इंडियाने घेतलेल्या शोधमोहिमेतल्या तीन विजेत्यांपैकी एक. ती मोहीम भारतात पुन्हा पुन्हा झाली असती तर? पण २०१८ मध्ये फोर्स इंडियाच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जेहान मात्र चिकाटीचा. २०१७ मध्ये कार्लिनकडे आला, सहकारी होता लँडो नॉरिस. नॉरिसने त्या वर्षी युरोपियन फॉर्म्युला थ्रीचं विजेतेपद घेतलं, जेहानने नोरिसरिंगची एक शर्यत जिंकली. पुढे रेड बुलने त्याला आपल्या कनिष्ठ गटात घेतलं. डिसेंबर २०२० मध्ये बहारीनच्या साखीर शर्यतीत तो फॉर्म्युला टू जिंकणारा पहिला भारतीय ठरला. दुसरा त्सुनोडा, म्हणजे कार्लिनचे पहिले दोन. त्या दिवशी आमच्या भागातल्या कुठल्याही पेपरात ही बातमी चार ओळींपेक्षा मोठी नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

एकाच गॅरेजमधले हे दोन भारतीय विजय, आणि त्यांच्यात एकवीस वर्षांचं अंतर. या एकवीस वर्षांत भारतात शिष्यवृत्तीची वाट झाली नाही. २००५ मध्ये नारायण जॉर्डनमधून फॉर्म्युला वनला उतरला तेव्हा पाठीशी टाटा होते, आणि योगायोगाने जॉर्डनच्या कारभारात त्या वेळी ट्रेव्हर कार्लिनही होते. जुनी ओळख, नवा प्रायोजक, आणि पोराची गुणवत्ता, तीनही जुळून आलं. पण जुळून येणं वेगळं आणि व्यवस्था असणं वेगळं.

आपल्याकडे सरकारी पैसा लागतो तो सोहळ्यांना. २०२३ मध्ये हैदराबादेत फॉर्म्युला ई झाली, पुढच्या वर्षीची रद्द झाली. २०२४ मध्ये चेन्नईत रस्त्यावर रात्रीची शर्यत झाली, फोटो देखणे आले. त्यातून एखाद्या पोराची वर्षाची फी भरली गेली का, हे कुणी विचारलं नाही. आपल्या कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, इथला कृष्णराज महाडिक २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. पण गॅरेजवाल्याच्या पोराने तिथे जायचं ठरवलं तर त्याने कुणाचं दार वाजवायचं? जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याचं? तिथे कबड्डीच्या मॅटसाठीच फाईल फिरतेय.

आणि पैशाचा हा नियम चालकांनाच लागू आहे असं समजू नका, संघालाही आहे. कार्लिनमध्ये बाहेरचा पैसा आला तो मॅक्स चिल्टन या चालकाच्या वडिलांचा. संघ त्या बळावर २०११ मध्ये फॉर्म्युला टूच्या आधीच्या जीपी-टू मालिकेत गेला, २०१८ मध्ये अमेरिकेत इंडीकारमध्ये उतरला. त्याच २०१८ मध्ये फॉर्म्युला टूचं सांघिक विजेतेपदही घेतलं. मग न्यूझीलंडची रोडिन कंपनी आली. २०२३ च्या हंगामात संघाचं नाव रोडिन कार्लिन झालं, त्याच वर्षी ट्रेव्हर कार्लिन बाहेर पडले, आणि २०२४ मध्ये नुसतं रोडिन मोटरस्पोर्ट उरलं.

जेहान २०२४ मध्ये मासेरातीकडून फॉर्म्युला ई लढला. फॉर्म्युला वनचं दार त्याला उघडलं नाही. त्याचे दोन जुने सहकारी, नॉरिस आणि त्सुनोडा, त्या वर्षी तिथे गाड्या पळवत होते.